जबलपूर ते सॅन फ्रान्सिस्को : आकाशमार्गाचे अंतर आणि प्रवासाचा काळ

गोरखपूर हे नाव उच्चारले की बहुतेकांना उत्तर प्रदेशातील शहर आठवते. परंतु जबलपूर शहरातही गोरखपूर नावाची एक जुनी, गजबजलेली वस्ती आहे. प्रस्तुत पाठातील प्रवास तेथून सुरू होतो. जबलपुरावर १८१७ सालापर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांपैकी एखाद्या घरचा मुलगा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, नोकरीस आहे असे समजू. तो घरापासून किती दूर आहे आणि घरी यावयास त्यास किती वेळ लागेल, हे दोन प्रश्न त्याच्या आईवडिलांच्या मनात नेहमी असतात. पहिला प्रश्न भूमितीचा आहे. दुसरा भूमितीचा आहेच, पण त्यात वाराही येतो, घड्याळही येते आणि क्वचित राजकारणही येते.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. अंतर शोधावयाचे तर ते वस्तीचे नव्हे, विमानतळाचे शोधावे लागते. जबलपूरचा विमानतळ शहराच्या पूर्वेस डुमना येथे आहे आणि जगातील विमान कंपन्या त्याला ‘जे-एल-आर’ या तीन अक्षरांनी ओळखतात. उत्तर प्रदेशातील गोरखपूरची तीन अक्षरे ‘जी-ओ-पी’ अशी आहेत. या दोन ठिकाणांत सुमारे ५२० किलोमीटरचे अंतर आहे. तेव्हा ‘गोरखपूर’ एवढेच लिहून उत्तर मागणारा आरंभीच तितका चुकण्याचा संभव असतो.

आता शाळेच्या भिंतीवरील जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. तो बहुधा पॅसिफिक महासागराच्या मध्यावर कापलेला असतो. भारत उजव्या बाजूस आणि अमेरिका डाव्या टोकास दिसते. विद्यार्थ्यास जबलपूर व सॅन फ्रान्सिस्को जोडावयास सांगितले तर तो पट्टी ठेवून पश्चिमेकडे रेघ ओढतो. ती अरबी समुद्र, अरबस्तान, सहारा, अटलांटिक आणि सारी अमेरिका ओलांडून जाते. जहाजांच्या सोयीसाठी मर्केटरने सोळाव्या शतकात जो नकाशा आखला, त्यावर ही रेघ ओढून तिची खरी लांबी काढली तर ती सुमारे १९,४०० किलोमीटर भरते. दुसरा एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल की पृथ्वी गोल आहे, तेव्हा पूर्वेकडून जाऊ. नकाशावरील त्याची सरळ रेघ ब्रह्मदेश, दक्षिण चीन आणि अफाट पॅसिफिक यांवरून जाईल आणि तिची लांबी सुमारे १५,१३० किलोमीटर होईल. हे उत्तर पहिल्यापेक्षा पुष्कळ बरे, पण तेही चूकच.

बरोबर उत्तरासाठी नकाशा बाजूस ठेवून पृथ्वीचा गोल घ्यावा. शाळेत गोल नसेल तर जवळच्या वाचनालयात असतो. एक दोरा घेऊन त्याचे एक टोक जबलपुरावर व दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरावे आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत आखूड वाटेवर जाऊन बसतो. वाचकांनी हा प्रयोग खरोखरच करून पाहावा, कारण दोरा जिकडे जातो ते पाहून प्रथम विश्वास बसत नाही. तो पूर्वेसही जात नाही आणि पश्चिमेसही जात नाही. तो जवळजवळ सरळ उत्तरेस निघतो, पूर्वेकडे फक्त सुमारे २० अंश कललेला. लखनौ व प्रयागराज यांच्या मधून तो नेपाळात शिरतो. पुढे तिबेट, मंगोलियाचा पश्चिम भाग आणि सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागराच्या कडेस ७२ उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. तेथून अलास्कावरून उतरत तो कॅलिफोर्नियास पोहोचतो. नर्मदाकाठच्या माणसाची अमेरिकेची जवळची वाट ध्रुवाच्या अंगणातून जाते!

या वाटेस इंग्रजीत ‘ग्रेट सर्कल’ म्हणतात. मराठीत बृहद्‌वृत्त हा शब्द वापरता येईल. गोलाच्या पृष्ठावर काढता येण्याजोगे सर्वांत मोठे वर्तुळ, म्हणजे ज्याचे केंद्र हेच गोलाचेही केंद्र असते, ते बृहद्‌वृत्त होय. विषुववृत्त हे बृहद्‌वृत्त आहे. सर्व रेखावृत्तेही त्याच जातीची आहेत. इतर अक्षवृत्ते मात्र त्यांत बसत नाहीत. कर्कवृत्त जबलपूरच्या थोडेसे उत्तरेकडून जाते, परंतु त्याच्या कडेने पूर्वेस चालत राहणारा मनुष्य जवळच्या वाटेने जात नसतो, जरी नकाशावर त्याची वाट सरळ दिसली तरी.

दोऱ्याऐवजी गणिताने हे अंतर काढता येते. त्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश पुरतात. डुमना विमानतळ २३.१८ अंश उत्तर अक्षांशावर आणि ८०.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ ३७.६२ उत्तर आणि १२२.३८ पश्चिम येथे आहे. एक रेखांश पूर्व व दुसरा पश्चिम असल्यामुळे त्यांची बेरीज करावयाची. ती २०२.४३ अंश येते. हे अर्ध्या फेऱ्याहून अधिक झाले, म्हणून ३६० मधून वजा करून आपण दुसऱ्या बाजूचे १५७.५७ अंश घेऊ. नियम असा आहे : दोन्ही अक्षांशांच्या ज्यांचा गुणाकार करावा, दोन्ही अक्षांशांच्या कोज्यांचा गुणाकार करून त्यास रेखांशांतील फरकाच्या कोज्येने गुणावे, या दोन फळांची बेरीज म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी त्या दोन ठिकाणांमध्ये होणाऱ्या कोनाची कोज्या.

पहिले फळ ०.३९३६ × ०.६१०४ = ०.२४०३.
दुसरे फळ ०.९१९३ × ०.७९२१ × (−०.९२४३) = −०.६७३१.
बेरीज −०.४३२८, आणि ही ज्याची कोज्या आहे तो कोन ११५.६४ अंशांचा.

पृथ्वीच्या पाठीवर एका अंशास सुमारे १११.२ किलोमीटर पडतात. गुणाकार केला की १२,८६० किलोमीटर हे उत्तर मिळते. नकाशावरील पूर्वेच्या रेघेपेक्षा ही वाट २,२७० किलोमीटरांनी आखूड आहे. (‘ज्या’ हा शब्द अपरिचित वाटल्यास वाचकाने ‘साइन’ म्हणावे. दोन्ही एकाच कुळातील आहेत. आर्यभटाच्या काळची ‘ज्या’ अथवा ‘जीवा’ अरबी ग्रंथांत ‘जिब’ झाली, तेथे तिचे वाचन ‘जैब’ म्हणजे वस्त्राची घडी असे झाले, आणि लॅटिन भाषांतरकारांनी त्या घडीचा ‘सायनस’ केला. भाषांतरकाराच्या चुकीला इतके दीर्घायुष्य क्वचितच लाभले असेल.)

हेच गणित वापरून एक व्यावहारिक प्रश्न सोडवता येतो. डुमनाहून परदेशी जावयाचे तर आधी दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागते. मराठी माणसाचे मन साहजिकच मुंबईकडे धावते. जबलपूरचा मुंबईशी संबंध जुनाही आहे : मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग १८७० सालच्या मार्च महिन्यात जबलपुरासच एकमेकांस मिळाले आणि देश एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत रुळांनी जोडला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी ज्यूल व्हेर्न या फ्रेंच लेखकाने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नायकाची कादंबरी लिहिली. तिच्यात मुंबई-कलकत्ता प्रवासास तीन दिवस धरले आहेत. परंतु आपल्या प्रवाशास मुंबई आडवाटेची आहे. जबलपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ८७० किलोमीटर आणि तेथून सॅन फ्रान्सिस्को १३,५१०, मिळून १४,३८०. उलट जबलपूर ते दिल्ली सुमारे ६७० आणि पुढे १२,३८०, मिळून १३,०५०. दिल्ली जवळजवळ वाटेवरच पडते, तिच्यामुळे जेमतेम १९० किलोमीटर वाढतात. मुंबईमुळे दीड हजार वाढतात.

येथे एक शंका काढता येईल. आपण पृथ्वी पूर्ण गोल धरली, पण ती तशी कोठे आहे? शंका रास्त आहे. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर आहे, म्हणजे ती ध्रुवांशी किंचित दबलेली आहे. आपल्या उत्तरात यामुळे येणारी चूक शेकडा अर्ध्याहून कमी असते. पण हे किंचित दबणे मोजण्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्यांच्यापैकी एकाची समाधी विदर्भात आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे आणण्यास सुरुवात केली. पुढे तिचा मुख्य कणा ७८ व्या रेखांशाच्या आसपासचा झाला. हे काम चालू असतानाच जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटनला मृत्यू आला. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने ती साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. आज उपग्रहांच्या साहाय्याने ठरवलेला पृथ्वीचा आकार संगणकात बसवलेला असतो आणि अंतर क्षणात मिळते. तरी त्याचा पाया कोणीतरी शेताबांधांवर साखळ्या टाकून घातला होता, हे हिंगणघाटच्या विद्यार्थ्यांनी तरी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अंतर ठरले. आता काळाकडे वळू. मोठे प्रवासी विमान स्थिर हवेत तासाला सुमारे ९०० किलोमीटर जाते. १२,८६० ला ९०० ने भागले की सव्वाचौदा तास येतात. हे उत्तर सुटसुटीत आहे, परंतु प्रत्यक्षात ते क्वचितच खरे ठरते. त्याची कारणे दोन : विमान त्या दोऱ्यावरून जात नाही, आणि ज्या हवेतून ते जाते ती हवा स्थिर नसते.

पहिले कारण थोडक्यात सांगता येईल. दोऱ्याच्या वाटेवर तिबेटचे पठार लागते. विमानातील हवेचा दाब अकस्मात गेला तर वैमानिकास त्वरित सुमारे ३,००० मीटर उंचीवर उतरावे लागते, म्हणजे प्रवाशांना श्वास घेता येतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरांहून उंच असल्यामुळे तेथे असे उतरावयास जागा नाही. दोन इंजिनांच्या विमानास आणखी एक बंधन असते. एक इंजिन बंद पडले तर ठराविक वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेवर असावा लागतो. ध्रुवप्रदेशात असे विमानतळ विरळ आहेत. शिवाय तेथील थंडीत इंधनाकडे लक्ष ठेवावे लागते, कारण विमानाचे नेहमीचे इंधन उणे ४७ अंश सेल्सियसच्या सुमारास गोठू लागते. तरीही ही वाट अशक्य नाही. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून निघून उत्तर ध्रुवावरून बंगळूरपर्यंत विमान आणले. आणि आकाशालाही सीमा असतातच. २०१९ साली पाकिस्तानचे आकाश फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते भारतीय विमानांस पुन्हा बंद झाले. पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा घ्यावा लागला आणि अमेरिकेस जाणारी काही विमाने मध्येच युरोपात उतरून इंधन घेऊ लागली. अंतर तेच राहून काळ वाढतो तो असा.

दुसरे कारण अधिक मनोरंजक आहे. ग्वारीघाटावर नर्मदेत चालणारी नाव पाहा. नावाड्याच्या वल्ह्यांचा जोर पाण्याला लागतो, काठाला नव्हे. स्थिर पाण्यात नाव तासाला ५ किलोमीटर जात असेल आणि प्रवाह २ किलोमीटरचा असेल, तर प्रवाहाबरोबर ती काठाच्या हिशेबाने ७ किलोमीटर जाईल आणि उलट दिशेस फक्त ३. एकवीस किलोमीटरवरील गावी जावयास तीन तास लागतील आणि परत यावयास सात, मिळून दहा. पाणी स्थिर असते तर दोन्ही वेळचे मिळून ८ तास २४ मिनिटे लागली असती. जाताना वाचलेला वेळ येताना व्याजासह द्यावा लागतो, कारण प्रतिकूल प्रवाहात नाव अधिक काळ राहते. विमानाचेही अगदी असेच आहे. त्याची गती हवेच्या हिशेबाने ठरते, जमिनीच्या नव्हे.

आणि ज्या उंचीवर विमाने उडतात, म्हणजे दहा-बारा किलोमीटरवर, तेथे हवेच्या नद्या वाहतात. त्यांना झोतवारे म्हणावे. ‘जेट स्ट्रीम’ हे त्यांचे रूढ इंग्रजी नाव. मध्य अक्षांशांत त्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांचा वेग तासाला दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो आणि हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर जातो. जपानमधील वासाबुरो ओइशी या वेधशाळाप्रमुखाने १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण त्याने आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेत छापला आणि जगाने तो फारसा वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, जपानवर फार उंचावरून गेलेल्या अमेरिकन विमानांना या वाऱ्यांनी अनपेक्षितपणे गाठले. ज्ञान योग्य भाषेत न पोहोचल्याचे हे उदाहरण मला व्यवसायबंधुत्वामुळे विशेष जवळचे वाटते.

या वाऱ्यांचा उपयोग कसा होतो ते दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर उत्तम दिसून आले. एअर इंडियाचे विमान प्रथम पश्चिमेकडून, युरोप व अटलांटिकवरून, जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती आणि तिला सुमारे साडेसोळा तास लागत. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्या कंपनीने विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी लांब. तरी विमान साडेचौदा तासांत पोहोचले! भागाकार करून पाहा. पश्चिमेच्या वाटेवर जमिनीच्या हिशेबाने सरासरी वेग तासाला ८४२ किलोमीटर पडतो आणि पूर्वेच्या वाटेवर १,०५५. विमानाची जात तीच. तासामागे दोनशेंहून अधिक किलोमीटरांचा हा फरक समोरून येणारा वारा आणि पाठीवर येणारा वारा यांच्यातील आहे.

त्या वेळच्या बातम्यांतून मात्र याचे आणखी एक कारण सांगितले गेले : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेस जाणाऱ्या विमानास तिच्या फिरण्याचा फायदा मिळतो. सुशिक्षितांच्या तोंडीही हे ऐकू येते. म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. जबलपूरच्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग तासाला सुमारे १,५३५ किलोमीटर वेगाने पूर्वेस जात असतो. हवा जर मागे राहत असती, तर मदनमहालच्या टेकडीवर उभ्या असलेल्या माणसास पूर्वेकडून ताशी १,५३५ किलोमीटरचा वारा लागला असता, आणि टेकडीवरचे एकही झाड शिल्लक राहिले नसते. तसे होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. धावपट्टीवर उभे असलेले विमानही त्याच वेगाने फिरत असते आणि उडाल्यावर तो वेग त्यास सोडून जात नाही. शिवाय ज्या विमानतळावर त्यास जावयाचे तोही फिरतोच आहे. धावत्या आगगाडीच्या डब्यात पुढच्या बाकाकडे चालणे आणि मागच्या बाकाकडे चालणे यांत जसा फरक पडत नाही, तसेच हे आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध येतो तो आडवळणाने. उष्ण प्रदेशाकडून ध्रुवाकडे निघालेली हवा पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते, आणि त्यातून पश्चिमेकडून येणारे ते झोतवारे घडतात. विमानाला लाभ होतो तो वाऱ्याचा. एखाद्या दिवशी झोतवारा वाट सोडून दूर गेला तर पृथ्वी नेहमीसारखी फिरत असूनही तो लाभ नाहीसा होतो.

राहता राहिले घड्याळ. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने जबलपूरचा सूर्य त्या घड्याळामागे सुमारे दहा मिनिटे असतो. ही प्रमाणवेळ १९०६ पासून आहे, पण मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागे असणारी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेतेरा तास आणि उन्हाळ्यात साडेबारा तास असते, कारण तेथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. ऑक्टोबरात पहाटे ४ वाजता दिल्लीहून निघालेले विमान साडेचौदा तास उडून आपल्या सायंकाळी साडेसहास उतरले, तर तेथे त्याच तारखेचे सकाळचे सहा वाजलेले असतात. तिकिटावर पाहणाऱ्यास प्रवास दोन तासांचा वाटेल!

परतीच्या वाटेवर हा हिशेब उलटतो, आणि घरच्यांना नेमका तोच करावा लागतो. समजा, हिवाळ्यात सोमवारी रात्री ९ वाजता गोरखपूरच्या घरून मुलास दूरध्वनी गेला की वडिलांची प्रकृती बिघडली आहे, निघून ये. त्याच्याकडे सोमवारचीच सकाळ आहे, साडेसात वाजलेले. धावपळ करून त्याने अकराचे विमान पकडले. आपल्या घड्याळात तेव्हा मंगळवारचे पहाटेचे साडेबारा झालेले असतात. सोळा तासांनी, मंगळवारी दुपारी साडेचारला, तो दिल्लीस उतरतो. सायंकाळच्या विमानात जागा मिळाली तर रात्री घरी. न मिळाली तर बुधवारी सकाळी आठचे विमान, साडेनऊला डुमना आणि साडेदहाच्या सुमारास गोरखपूर. मुलगा सांगेल, मी सोमवारी निघालो. घरचे म्हणतील, बुधवारी पोहोचला, दोन दिवस लागले. खरा काळ चौतीस तासांचा, आणि त्यांपैकी तो आकाशात होता साडेसतरा तास. उरलेला जवळजवळ निम्मा वेळ दिल्लीच्या विमानतळावर, रांगांत, बाकावर बसून आणि डुमनाहून घरापर्यंतच्या रस्त्यावर गेला.